रुपलीचे दोन फोटो

मेहरूण, जळगाव
२८ जुलै १९९२

चि. शालिग्राम यास आशीर्वाद.

काल आलेल्या तुझ्या पत्रात ‘मुलांच्या बाबतीत तिथे काहीतरी गडबड चालू असावी’ असे एक वाक्य आहे. त्या वाक्यामुळे आज हे पत्र लिहावे लागते आहे. एरवी मी तुला जूनमध्ये सामान वाटून झाल्यावर एकदा आणि दिवाळीला एकदा लिहिते आणि तेवढे दोघांनाही पुरते. पण मुलींच्या शाळेत आयुष्य घालवले, शेवटची दहा वर्षे मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत काढली, आणि गडबड हा शब्द निवृत्तीनंतर भावाच्या मुलाकडून ऐकायची वेळ आली.

काय ठरले होते ते पुन्हा लिहिते, कारण तू विसरलेला दिसतोस. तिकडे मिशिगनला तुमचे बारा घरांचे मंडळ. इकडे चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी खैरपाणी नावाच्या पाड्यावर बारा मुले. एका घराने एक मूल धरायचे आणि ते चौथी होईपर्यंत त्याचा गणवेश, दप्तर, वह्या आणि चपला बघायच्या. दर जूनला मुलाचा फोटो त्या घराकडे जायचा. कल्पना सगळी तुझी. सामान विकत घेऊन खैरपाणीला पोचवायचे काम माझे, कारण तुझ्या आईचे गुडघे दुखतात आणि बाकी नातेवाइकांना वेळ नसतो.

आता तुझे म्हणणे असे, की तुमच्या शेजारच्या हार्टलीबाईंनी धरलेली रुपली नावाची मुलगी गेल्या वर्षीच्या फोटोत एक आहे आणि यंदाच्या फोटोत दुसरी आहे. पहिलीच्या कपाळावर गोंदण आहे, दुसरीच्या नाही. दोन्ही फोटो तू पाठवलेस ते बरे केलेस. मी भिंग लावून पाहिले. गोंदण पुसून जात नाही एवढे मलाही कळते. दोन्ही वर्षी फोटो काढताना मी तिथेच उभी होते. चोपड्याचा फोटोवाला घाई करत होता, आणि मी मुलांची नखे, दात आणि गणवेशाची बटणे बघत होते. चेहरे बघायला हवे होते. पुढच्या आठवड्यात पाऊस जरा थांबला की मी स्वतः जाऊन येते.

दुसरी गोष्ट. तुमच्या मंडळाने त्या परत येणाऱ्या डॉक्टरांबरोबर पाठवलेले खोके धुळ्याला तुझ्या आईकडे येऊन पडले आहे. मी उघडून पाहिले. त्यात लोकरी स्वेटर आहेत. निम्मे मोठ्या माणसांच्या मापाचे, एकावर बर्फात धावणाऱ्या हरणाचे चित्र. शालिग्राम, तू धुळ्यात जन्मलास. मे महिन्यात अंगणात खाट टाकून ओल्या चादरीखाली झोपायचास. तुमच्या बारा घरांत खानदेशातली माणसे किती आहेत, आणि त्यांपैकी एकालाही हे खोके बांधताना काही आठवले नाही का? मी पाटी, कंपासपेटी आणि चपला मागितल्या होत्या.

खोके तिथेच राहू दे. पुढचे कळवते.

तुझी
कुंदाआत्या

*

ॲन आर्बर, मिशिगन
१२ ऑगस्ट १९९२

ती. कुंदाआत्यास सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदा हे, की मी तुझ्याबद्दल काहीही म्हटलेलं नाही. गडबड हा शब्द चुकला. पण इथली परिस्थिती तू समजून घे. मंडळातले बाकीचे अकरा जण आपलेच आहेत, ते माझ्याकडे बघून देतात. हार्टलीबाई एकट्याच बाहेरच्या. आमच्या शेजारी राहतात, शाळेची बस चालवतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आमच्याकडे जेवायला आल्या होत्या, तेव्हा आपण होऊन म्हणाल्या की मलाही एक मूल द्या. त्यांनी दोन्ही फोटो स्वयंपाकघरात फ्रिजवर लावले होते. जुलैत एक दिवस कुंपणापाशी उभ्या राहून त्यांनी मला त्याबद्दल विचारलं आणि नंतर चिठ्ठीही पाठवली. खरं सांगतो, मला तोंड लपवावंसं वाटलं. इथे एकदा विश्वास गेला की परत येत नाही. त्या चार लोकांशी बोलतात, बसमध्ये रोज साठ मुलांचे आईबाप भेटतात.

म्हणून मंडळाच्या बैठकीत मी काही सूचना मांडल्या, त्या मंजूर झाल्या. फोटो काढताना प्रत्येक मुलाच्या हातात पाटी असावी, तिच्यावर नाव आणि तारीख. दर वर्षी उंची मोजावी. अंगठ्याचा ठसा घ्यावा. आणि एका नावावर एकच मूल, यात कुठेही सूट नसावी. तू शिस्तीची आहेस म्हणूनच हे तुला सांगायला मला संकोच वाटत नाही.

स्वेटरांबद्दल माफ कर. इथे शाळेत गोळा केले होते, नाही म्हणता आलं नाही. आईचं पत्र आलं, ती म्हणते माप छान बसलं. कोणाला बसलं ते तिने लिहिलेलं नाही.

तुझा
शालिग्राम

*

जळगाव
३ सप्टेंबर १९९२

चि. शालिग्राम यास आशीर्वाद.

अंगठ्याचे ठसे गुन्हेगारांचे घेतात. ते मी घेणार नाही. बाकीचे ऐक.

परवा खैरपाणीला जाऊन आले. तापीला पाणी होते, चोपड्याच्या पुढे नाल्यावरची फरशी बुडालेली होती, त्यामुळे शेवटचा रस्ता पायी. शाळा म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. चारही इयत्ता त्या खोलीत, आणि अभिमन पाटील नावाचे एकच मास्तर. चांगला माणूस आहे पण बोटचेपा. मी दारात दिसल्याबरोबर म्हणाला, “बाई, बसा, चहा टाकतो.”

म्हटले, “चहा नंतर. रुपली करमसिंग कोण?”

तिसरीच्या ओळीतून एक मुलगी उठली. नेटका गणवेश, आपलाच. कपाळ कोरे.

“तुझं गोंदण कुठं गेलं?”

“तिच्याजवळ आहे.”

“कोणाजवळ?”

“रुपलीजवळ.”

“मग तू कोण?”

मुलीने मास्तरांकडे पाहिले. मास्तर छताकडे पाहत होते. मग ती न घाबरता म्हणाली, “आज मीच रुपली शे.”

सगळी खोली हसली. तुझ्या हार्टलीबाईंची गडबड ती एवढी. या दोघी सख्ख्या बहिणी. थोरली रुपली, गोंदण असलेली. धाकटी जमनी, एका वर्षाने लहान, तिचे गोंदण अजून व्हायचे आहे. घरात बकऱ्या आहेत, त्यांच्यामागे रोज एका मुलीला जावे लागते. म्हणून एक दिवस रुपली शाळेत आणि जमनी डोंगरात, दुसऱ्या दिवशी उलट. गणवेश एक, दप्तर एक, चपलांचा जोड एक आणि हजेरीत नाव एक. संध्याकाळी बकऱ्या बांधल्या की जी शाळेत गेली ती दुसरीला त्या दिवसाचे सगळे सांगते, आणि दुसरी सकाळी तिथून पुढे सुरू करते. पहिलीपासून हे चालले आहे. मास्तरांना माहीत, मुलांना माहीत, पाड्याला माहीत. माहीत नव्हते ते फक्त जळगावला आणि मिशिगनला.

मी मास्तरांना म्हटले, ही हजेरी खोटी आहे. ते म्हणाले, “बाई, मुलगी रोज हजर असते. माझ्या वर्गात इतकी नियमित मुलगी दुसरी नाही.”

मग घरी गेले. आई दगडीबाई मोहाची पाने शिवत बसली होती. बाप करमसिंग कुडाला शेण लिंपत होता. मी विचारले, एकीलाच का पाठवत नाही सरळ? बाई हसली. “बकऱ्या कोन चारी?” म्हटले, दुसरी चारेल. ती म्हणाली, “एक शिकी, एक बकऱ्या चारी. मंग मोठ्या व्हईसन त्या एकमेकीसंगे बोलतीन का?”

पण तुमचा नियम होता. एका नावावर एक मूल, यात सूट नाही. मी करमसिंगला म्हटले, दोघींतली एक ठरवा. तो उठून हात धुऊन आला आणि म्हणाला, “तुम्हीच सांगा बाई, कोनले धाडू.” मी म्हटले, हजेरीत जिचे नाव आहे ती. रुपली. अभिमन मास्तरांनाही बजावून आले की यापुढे वर्गात कपाळावर गोंदण असलेलीच रुपली बसेल.

तुमच्या मंडळाचे समाधान व्हायला हरकत नाही. माझे झाले की नाही हा प्रश्न तू विचारू नकोस.

तुझी
कुंदाआत्या

*

ॲन आर्बर
१६ सप्टेंबर १९९२

ती. कुंदाआत्यास सा. नमस्कार.

वा. तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. ‘आज मीच रुपली’ला सगळे खूप हसले, पण नंतर तुझं एकमताने अभिनंदन झालं. एका फेरीत सगळा प्रश्न सुटला. मंडळाच्या वार्षिक पत्रकात तुझ्या भेटीची हकीकत छापायचं ठरलं आहे, तुझा एखादा फोटो असेल तर पाठव.

जमनीबद्दल एकदोघांना वाईट वाटलं. नव्या मुलांचा विचार पुढच्या जूनमध्ये होईल, तेव्हा तिचा अर्ज जरूर घेऊ. पण मधेच अपवाद केला तर उद्या बाराची चोवीस होतील.

हार्टलीबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. रुपलीचा गोंदणासह नवा फोटो आला की तोच नेऊन देतो, म्हणजे विषय मिटेल. तेवढा लवकर काढून घेशील का?

तुझा
शालिग्राम

*

जळगाव
३ ऑक्टोबर १९९२

चि. शालिग्राम यास आशीर्वाद.

फोटो नाही. माझाही नाही आणि रुपलीचाही नाही. प्रश्न सुटला म्हणून तुम्ही पत्रक छापत असाल तर थांबवा.

अभिमन मास्तर परवा चोपड्याच्या बैठकीहून मुद्दाम माझ्याकडे येऊन गेले. खुर्चीच्या कडेवर बसले, चहा घेतला नाही. मी तिथून आल्यावर काय झाले ते त्यांनी सांगितले, ते जसेच्या तसे लिहिते.

रुपली शाळेत येते, पण एक दिवसाआड. तिच्या दिवशी ती येते. जमनीच्या दिवशी ती येत नाही, बकऱ्यांमागे जाते, आणि तिची जागा रिकामी राहते. मास्तरांनी समजावले, आता रोज तूच यायचे. तिने उत्तर दिले, “तो दिवस माझा नाही.” आणि रुपलीच्या दिवशी जमनी बकऱ्या घेऊन डोंगरात न जाता सरळ शाळेच्या पडवीशी येते आणि भिंतीला टेकून बाहेरून ऐकते. गेल्या शुक्रवारी ती पाढे म्हणण्यात गुंगली आणि बकऱ्या पडवीत शिरल्या. तुमच्या मंडळाच्या कोऱ्या वह्यांचा गठ्ठा तिथे होता. त्यांनी तो खाल्ला. मास्तर धावेपर्यंत वरचे वेष्टण तेवढे राहिले होते. शिवाय कुंपणातला शेवगा सोलून ठेवला. पाड्यातल्या लोकांनी करमसिंगला ऐकवले, तुझ्या पोरी शाळा खायला निघाल्या.

करमसिंग अबोल माणूस आहे, पण त्याला लाज फार. त्याने मास्तरांना येऊन सांगितले, “बठ्ठं राहू द्या, मास्तर. दोन्हीसले संगे लई जास.” म्हणजे दिवाळीनंतर गुजरातेत ऊस तोडायला टोळी जाते, तिच्याबरोबर या वेळी दोघींनाही नेणार. गेली दोन वर्षे तो मुलींना मागे ठेवत होता, आजोबांच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्याच्या घरी, केवळ शाळेसाठी. एकदा उसाच्या फडावर गेलेली मुलगी होळीला परत येते, आणि आली तरी पाटीकडे येत नाही. हे मी पाहिलेले आहे, मला कोणी सांगायला नको.

आता सरळ लिहिते. मी दिलेला हुकूम मी मागे घेते. जमनीचे नाव हजेरीत वेगळे घालायचे आणि तिला तिचा गणवेश द्यायचा. तुमच्या मंडळाला तेरावे मूल चालत नसेल तर मला माझ्या पेन्शनीत चालते, पण मग खैरपाणीला सामान पोचवायला दुसरे कोणी शोधा. पुढच्या जूनची वाट बघायला जमनी इथे नसेल.

आणि एक. या हार्टलीबाईंनी नक्की काय विचारले? ‘त्याबद्दल विचारले’ असे तू लिहितोस. मी आयुष्यभर मुलींच्या असल्या उत्तरांना गुण दिले नाहीत. त्यांची चिठ्ठी आहे म्हणतोस ना, ती मला पाठव. इंग्रजी मला येते.

टोळी दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी निघेल. त्याच्या आत उत्तर हवे.

कुंदाआत्या

*

ॲन आर्बर
१५ ऑक्टोबर १९९२

ती. कुंदाआत्यास सा. नमस्कार.

चिठ्ठी सोबत पाठवली आहे. वाचशीलच, पण मी आधी सांगतो.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी हार्टलीबाईंकडे गेलो. म्हटलं सगळं सांगून टाकावं, आणि माफी मागावी. मी सांगत गेलो तसतशा त्या गोंधळत गेल्या. मग म्हणाल्या, “माफी कशाची? मी तुला नाव विचारलं होतं, ते तू अजून दिलं नाहीस.”

चिठ्ठीत एवढंच आहे, की दोन्ही फोटो मिळाले, या दोघी बहिणी दिसतात, हनुवटी अगदी एक आहे, तर धाकटीचं नाव काय, म्हणजे तिलाही काही पाठवता येईल. कुंपणापाशीही त्यांनी हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, बसच्या आरशात वर्षानुवर्षं भावंडं बघते आहे, मला कळणार नाही का.

मी नीट ऐकलं होतं, आत्या. वाचलंही नीट होतं. पण दोन मुली आहेत हे त्यांच्या लक्षात आलं एवढ्यानेच माझे कान गरम झाले. पुढचं सगळं मीच धरून चाललो, की आता या म्हणणार, तुमच्याकडे असंच चालतं. त्या काही म्हणायच्या आधी आपणच चौकशी केलेली बरी, असं वाटलं. बैठकीत मी ‘आक्षेप’ म्हटलं होतं. कोणी आक्षेप घेतलाच नव्हता.

जमनी हार्टलीबाईंकडेच. त्यांनी आग्रहच धरला. मंडळाला मी विचारलेलं नाही, कळवलं आहे. तिच्यासाठी जे लागेल ते तू घे.

पण बकऱ्यांचं काय करायचं ते मला सुचत नाही. दोघी शाळेत गेल्या तर बकऱ्या कोण चारणार? हार्टलीबाईंनीही पहिला प्रश्न हाच विचारला.

शालिग्राम

*

जळगाव
२९ ऑक्टोबर १९९२

चि. लतास आशीर्वाद.

दिवाळी पार पडली असेल. भाऊबीज झाल्यावर काल मी खैरपाणीला जाऊन आले. थोडक्यात कारण लिहिते, कारण तुझ्याकडे काम आहे.

करमसिंगच्या नात्यात वना नावाचा म्हातारा आहे. टोळी गुजरातेत गेली की करमसिंगच्या मुली त्याच्याकडेच राहतात. त्याच्या स्वतःच्या चार बकऱ्या आहेत. त्या तो दिवाळीपर्यंत चारतो, पुढे थंडी पडली की शेजाऱ्याच्या हवाली करून चुलीपाशी बसतो. मी त्याला म्हटले, बाबा, या दोघींच्याही बकऱ्या आपल्यात घ्या, ज्वारी ठरवा. तो म्हणाला, ज्वारी करमसिंग देईलच, तो प्रश्न नाही. “पौषमा डोंगरवर वारा कापी काढस, बाई. मन्हा आंगवर हाऊ एक टावेल.” आणि खरोखरच त्याच्या अंगावर एक टॉवेल होता.

मी म्हटले, गरम कपडा मिळाला तर? म्हणाला, “मंग मी होळीपर्यंत बठ्ठ्या गावन्या बकऱ्या चारसू.” सगळ्या गावच्या! घरातले हसले, पण तो हसला नाही.

तेव्हा तुझ्या मुलाने पाठवलेले, तुझ्याकडे पडलेले खोके मला हवे आहे. ते मी जुलैत नावे ठेवून तुझ्याकडे टाकले, हे तू मला ऐकवशील, ते मी आल्यावर ऐकव. मला मोठ्या मापाचे स्वेटर सगळे पाहिजेत. वनाला, आणि टोळीबरोबर उघड्यावर राहणाऱ्या दगडीबाईला आणि करमसिंगला. लहान मापाचे शाळेतल्या मुलांना. कोणाला काही दिले असशील तर परत घेऊन ठेव. मी बुधवारी पहिल्या गाडीने येते.

कुंदा

*

धुळे
१ नोव्हेंबर १९९२

ती. कुंदाअक्कांस लताचा नमस्कार.

पत्र मिळालं. अक्का, खोकं ठेवून घे म्हणालात तुम्ही, वाटू नको असं म्हणाला नव्हतात. चार महिने माझ्या पलंगाखाली कसर लागत पडू द्यायचं का? मी घरातल्यासारखं केलं. एक निळा आपल्या हिलाल रिक्षावाल्याला दिला, तो पहाटे स्टेशनवर जातो. एक तांबडा समोरच्या बन्सीलाल शेठच्या आईला, त्यांना दमा आहे. हरणाचा मी ठेवला. घालत नाही, पण शालिग्रामने पाठवलेला आहे म्हणून ठेवला. बाकी सगळे खोक्यात आहेत, मोजून घ्या.

दिलेली वस्तू परत कशी मागायची ते मला जमणार नाही. तुम्ही हेडमास्तरीण आहात, तुम्ही मागा. हिलालने तर फोटोसुद्धा काढून घेतला आहे त्यात.

बुधवारी या. शेवभाजी करते. भरीत नको म्हणाल म्हणून आधीच सांगते, ते पण करणार आहे.

लता

*

जळगाव
१७ नोव्हेंबर १९९२

चि. शालिग्राम यास आशीर्वाद.

काम झाले. कसे झाले ते लिहिते, नंतर पोच जोडली आहे.

धुळ्याला तुझ्या आईशी दीड तास बोलणे झाले, त्यातला पाऊण तास तिचा होता. हिलालकडून मी काही मागितले नाही. बन्सीलालच्या आईकडूनही नाही. पहाटे रिक्षा ओढणाऱ्याच्या आणि दम्याच्या बाईच्या अंगावरून मी स्वेटर काढून आणला असता तर माझी मला लाज वाटली असती. पण बन्सीलालने आपण होऊन दुकानातली एक घोंगडी खोक्यावर ठेवली आणि म्हणाला, “मावशी, आमच्याकडून म्हाताऱ्याला.” हरणाचा स्वेटर तुझ्या आईने दिला नाही. मी निघाले, गाडी सुटायच्या बेतात होती, तेव्हा तिने रिक्षाने हिलालबरोबर स्टँडवर पाठवून दिला. त्यात तुझी एक जुनी मफलरही गुंडाळलेली होती.

काल सकाळी खैरपाणीला पोचले तेव्हा टोळी नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक पाड्याच्या खालच्या रस्त्यावर उभा होता. भांडी, गोधड्या, कोंबड्या सगळे चढत होते. करमसिंगच्या सामानाच्या कडेला दोघी मुली बसलेल्या होत्या. रुपली गणवेशात होती. जमनीच्या मांडीवर दप्तर होते. करमसिंगने मला पाहिले आणि मान खाली घातली. मुकादम ओरडत होता, “चला, चला, बाईंना नंतर भेटा.” मी त्याला सांगितले की मी तीस वर्षे घंटा वाजवल्याशिवाय कोणाला वर्गाबाहेर जाऊ दिलेले नाही, तेव्हा त्याने गप्प उभे राहावे. तो उभा राहिला. बिडी पेटवली, पण उभा राहिला.

मी वनाला पुढे बोलावले. हरणाचा स्वेटर त्याच्या डोक्यातून घातला. तो त्याला गुडघ्यापर्यंत आला. पाडा बघत होता. वना हात फिरवून म्हणाला, “हाऊ कोनता प्राणी शे?” मी म्हटले, तिकडची बकरी. म्हणाला, “मंग जमी.” आणि करमसिंगच्या बकऱ्या आपल्या बकऱ्यांमध्ये घालायला चालू लागला. त्याने कोणाला विचारले नाही. ट्रकपाशी उभे असलेले चारपाच जण हसले आणि म्हणाले, आमच्याही घ्या बाबा. करमसिंग मात्र हसला नाही. त्याने त्या म्हाताऱ्याच्या पाठीकडे पाहिले. मग त्याने ट्रकमधून मुलींची गोधडी खाली काढली. तेवढेच. दगडीबाईने दोघींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, “दोन्हीसले सारखं मारजा, बाई.” मी म्हटले, मी मारत नाही. म्हणाली, “मास्तरले सांगजा.”

शाळा कालच दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडली. अभिमन मास्तर घाबरत होते, जमनीचे नाव आता घातले तर दोन वर्षांच्या हजेरीचे काय. मी म्हटले, आजपासून घाला, मागचे मागे. तिसरीत. त्यांनी विचारले, परीक्षा न घेता? मग घेतली. दोघींना समोर उभे केले. रुपलीला भागाकार येतो, हातचे चुकतात. जमनीचे हातचे पक्के, पण कविता मधूनच येते. एकीची कविता अडली की दुसरी पुढे म्हणते. दोघींना मिळून तिसरीचे सगळे येते. आता वेगवेगळे यायला हवे, ते मास्तरांचे काम.

हार्टलीबाईंना सांग की त्यांचा प्रश्न योग्य होता, आणि चार महिन्यांनी का होईना त्याचे उत्तर पाठवते आहे. तुला काही सांगत नाही. तू धुळ्याचा मुलगा आहेस, आपले लोक बाहेरच्यांसमोर वाईट दिसतील या भीतीने तू आपल्याच लोकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेस, आणि मला पोलीस केलेस. मीही झाले. पुढच्या वेळी चिठ्ठी आधी पाठव.

स्वेटरांबद्दल जुलैत जे लिहिले ते मागे घेत नाही. पाट्या अजून लागतीलच.

तुझी
कुंदाआत्या

पोच
खैरपाणी, ता. चोपडा, १६ नोव्हेंबर १९९२

रुपली करमसिंग, इयत्ता तिसरी: वह्या सहा, आधीच्या वह्या बकऱ्यांनी खाल्ल्याबद्दल. चपला एक जोड.

जमनी करमसिंग, इयत्ता तिसरी, आजपासून: गणवेश एक, दप्तर एक, पाटी एक, वह्या सहा, चपला एक जोड.

वना, बकऱ्या चारण्याबद्दल, होळीपर्यंत: स्वेटर दोन, पैकी एक हरणाचा. मफलर एक. घोंगडी एक, बन्सीलाल शेठ, धुळे, यांच्याकडून.

करमसिंग व दगडीबाई, फडावर नेण्यासाठी: स्वेटर दोन.

शाळेतील मुले: लहान मापाचे स्वेटर, अभिमन मास्तरांच्या ताब्यात. वाटप त्यांनी करावे.

हार्टलीबाईंसाठी सोबत: फोटो एक. दोघी बसलेल्या आहेत. डावीकडे रुपली, उजवीकडे जमनी.

सामान मिळाल्याबद्दल: करमसिंगचा अंगठा, त्याने आपण होऊन दिला. वनाचा अंगठा. रुपलीची सही. जमनीची सही, पाटीवर आणि वहीवर आजपर्यंत तिने एकच नाव लिहिलेले असल्यामुळे तिने आधी ‘रुपली’ असे लिहिले, मग माझ्याकडे पाहून ते खोडले आणि पुढे ‘जमनी’ लिहिले. खोडलेले तसेच ठेवले आहे.